ईलॉगमध्ये ‘परवानगी नाही’ येतंय? बाहेरून आत एकेक थर तपासत जा

शिफ्टची वही कागदावरून कॉम्प्युटरवर आणायची म्हणून ईलॉग हे सॉफ्टवेअर लावायचं, पहिले काही दिवस सगळे खूष, आणि मग फोन सुरू होतात. ‘माझी एंट्री मलाच एडिट करता येईना’, ‘क्यूसीचं (गुणवत्ता तपासणीचं) लॉगबुक मेल्टिंगवाल्यांना दिसतंय’, ‘काल चालत होतं आज लॉगिनच घेत नाही’. मग कंपनीत जो कोण कॉम्प्युटरचं बघतो तो कॉन्फिग फाइल (सगळ्या सेटिंगची फाइल) उघडतो आणि अलाउ-डिनायच्या, म्हणजे परवानगी-बंदीच्या ओळी वाढवत सुटतो, एक बंद केलं की दुसरं उघडतंय, दुसरं बंद केलं की ॲडमिनच बाहेर. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी पहिला अर्धा तास एकही ओळ बदलू नका. आधी दोनच गोष्टी शोधा: सर्व्हर तुम्हाला कोण समजतोय, आणि नकार नक्की कुठल्या थरातून आलाय. हे दोन कळले की दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची निघते.

उदाहरण म्हणून शिरोली एमआयडीसीतली एक मध्यम फाउंड्री धरूया. तीन लॉगबुकं: मेल्टिंग (हीट नंबर म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर, फर्नेस, टॅपिंग टेंपरेचर), मेंटेनन्स, आणि क्यूसी, ज्यात स्पेक्ट्रोचे (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचे) रिझल्ट, सँड टेस्ट आणि कस्टमरच्या कंप्लेंट असतात, म्हणजे ते सगळ्यांनी बघायचं नाही. सर्व्हर म्हणजे ऑफिसातला एक जुना पीसी, त्यावर लिनक्स. फर्नेसपाशी एकच शेअर्ड कॉम्प्युटर, तीन शिफ्ट. कोल्हापुरातल्या बऱ्याच जणांचा सेटअप थोड्याफार फरकानं असाच असेल.

ईलॉग ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये स्टीफन रिट यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर, सी भाषेतलं, जीपीएल लायसन्सचं, फुकट. मुळात फिजिक्सच्या प्रयोगांत शिफ्टवाल्यांनी नोंदी करायला. ह्यात डेटाबेस नाही, आणि परमिशनच्या दृष्टीनं हीच गोष्ट महत्त्वाची आहे. नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जातात (तारखेच्या नावाची डॉट लॉग फाइल), युजर एका एक्सएमएल पासवर्ड फाइलमध्ये आणि सगळे नियम ईलॉगडी डॉट सीएफजी नावाच्या एका फाइलमध्ये. म्हणजे परवानग्या तीन ठिकाणी राहतात: कॉन्फिगमध्ये, पासवर्ड फाइलमध्ये आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल परमिशनमध्ये. वेबपेजवर नकार दिसतो तेव्हा तो ह्यातल्या कुणाचाही असू शकतो.

एक सूचना, खाली ऑप्शनची नावं आणि कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, आकडेसुद्धा. फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायचं.

पायरी १: चालू असलेली कॉन्फिग कुठली ते बघा

हसू नका, इथंच सगळ्यात जास्त वेळ जातो. सोर्सवरून इन्स्टॉल केलं असेल तर फाइल सहसा /यूएसआर/लोकल/ईलॉग/ मध्ये असते, डिस्ट्रोच्या पॅकेजमधून आलं असेल तर दुसरीकडंच असू शकते, आणि कुणीतरी होम फोल्डरमध्ये एक कॉपी ठेवलेली असतेच. तुम्ही एक फाइल एडिट करत बसता आणि सर्व्हर दुसरीच वाचतोय. ईलॉगडी म्हणजे ईलॉगचा सर्व्हर प्रोग्राम. टर्मिनलवर ‘पीएस -ईएफ | ग्रेप ईलॉगडी’ मारा, जी ओळ येईल तिच्यात ‘-सी’ च्या पुढं जो पाथ आहे तीच खरी फाइल. त्याच ओळीच्या सुरुवातीला प्रोसेस कुठल्या युजरच्या नावानं चालू आहे तेही दिसतं, ते कागदावर लिहून ठेवा, पायरी ५ ला लागणार आहे. दोन ओळी आल्या तर दोन ईलॉगडी चालू आहेत, आधी ते निस्तरा.

लिनक्सवर फाइल हातानं बदलली की ईलॉगडीला ती परत वाचायला सांगावं लागतं: ‘किलऑल -एचयूपी ईलॉगडी’, नाहीतर सरळ सर्व्हिस रिस्टार्ट करा. वेबमधून ॲडमिन म्हणून कॉन्फिगमध्ये जाऊन बदल केला तर तो लगेच लागू होतो. पासवर्ड फाइलचं पण तसंच, ती मेमरीत लोड झालेली असते, तुम्ही एडिटरनं बदलून ठेवलीत तरी चालू सर्व्हर जुनंच धरून बसतो. ‘बदल केला पण फरक पडत नाही’ हे ऐकलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, रिलोड केलं काय?

विंडोजवर असाल तर अजून दोन गमती. नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ नं उघडा नाहीतर प्रोग्राम फाइल्समध्ये सेव्ह होणार नाही, मग लोक डेस्कटॉपवर सेव्ह करतात आणि तिथंच विसरतात. आणि फाइलच्या नावाला नोटपॅडनं गुपचूप डॉट टीएक्सटी जोडलं नाही ना ते बघा, एक्सटेन्शन लपवलेली असतात त्यामुळं दिसत नाही.

बदल करायच्या आधी ‘सीपी -पी’ नं कॉपी काढा. -पी का, तर मालक आणि परमिशन जशाच्या तशा राहतात.

पायरी २: नकाराचं वाक्य नीट वाचा

फोनवर सगळे ‘ॲक्सेस येत नाही’ एवढंच सांगतात. स्क्रीनचा फोटो मागवा व्हॉट्सॲपवर. ईलॉगचे एरर मेसेज तसे बोलके आहेत आणि प्रत्येक मेसेज वेगळ्या थराचा आहे:

– पान उघडतच नाही, टाइमआउट किंवा कनेक्शन रिफ्यूज्ड: ईलॉगपर्यंत तुम्ही पोचलाच नाही किंवा दारातच अडवलंय. पायरी ४.
– युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा: पासवर्ड फाइल. पायरी ३.
– अमुक युजरला अमुक लॉगबुकचा ॲक्सेस नाही: लॉगिन झालंय, पण लॉगबुकच्या यादीत नाव नाही. पायरी ६.
– अमुक कमांड अमुक युजरला चालणार नाही: अलाउ, डिनाय किंवा मेनू. पायरी ७.
– ही एंट्री फक्त अमुक युजरच एडिट करू शकतो, किंवा इतक्या तासांतच एडिट होते: पायरी ८.
– एंट्री डिरेक्टरीत लिहिता येत नाही, डिरेक्टरी आहे का, लिहायचा हक्क आहे का, डिस्क भरली का बघा: ही ऑपरेटिंग सिस्टिमची तक्रार आहे, कॉन्फिगला हात लावू नका. पायरी ५.

ह्यासोबत सर्व्हरचा लॉग चालू करून ठेवा. कॉन्फिगच्या ग्लोबल सेक्शनमध्ये (सगळ्या लॉगबुकांना लागू होणाऱ्या भागात) ‘लॉगफाइल = ...’ आणि ‘लॉगिंग लेव्हल = २’. लेव्हल १ ला फक्त लॉगिन-लॉगआउट नोंदवलं जातं, २ ला लिहिणंही, ३ ला वाचणंसुद्धा. रोजच्याला २ पुरे, ३ नं फाइल फुगते, पण ‘क्यूसीचं कुणी वाचलं’ असा प्रश्न आला तर काही दिवस ३ करा. अगदीच काही कळेना झालं तर सर्व्हिस थांबवून ईलॉगडी टर्मिनलवर ‘-व्ही’ लावून चालवा, ब्राउझरकडून काय येतंय आणि काय परत जातंय ते सगळं समोर पळताना दिसतं. हे शिफ्ट चालू असताना करू नका.

पायरी ३: सर्व्हरला तुम्ही कोण वाटता

पानाच्या वर ‘लॉग्ड इन ॲज’ च्या पुढं जे नाव असतं ते वाचायला सांगा. फर्नेसपाशी शेअर्ड कॉम्प्युटर असला की निम्मे प्रश्न इथंच सुटतात. फर्स्ट शिफ्टच्या माणसानं लॉगिन करताना ‘रिमेंबर मी’ ची टिक केलेली असते, सेकंड शिफ्टवाला येऊन गपगुमान त्याच्याच नावानं एंट्र्या टाकतो, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ऑफिसच्या पीसीवरून त्या दुरुस्त करायला गेला की ईलॉग म्हणतंय ही एंट्री तुझी नाही. आणि ईलॉग बरोबरच बोलतंय की. ह्याला उपाय परमिशन ढिली करणं नाही, सेशन लवकर संपवणं आहे. ‘लॉगिन एक्स्पिरेशन’ हा ऑप्शन तासांत असतो, काहीच लिहिलं नाही तर ‘रिमेंबर मी’ वालं लॉगिन महिनाभर टिकतं. आठ तासांच्या शिफ्टला ८ टाका. कुणी म्हणेल रोज रोज पासवर्ड कोण टाइप करणार, तर मग वहीवर दुसऱ्याची सही चालते काय असं विचारा.

शेअर्ड युजरनेम, म्हणजे ‘शिफ्टए’, ‘शिफ्टबी’ असले, मला अजिबात पटत नाहीत. सोय वाटते, पण मग एंट्री कुणाची ह्या प्रश्नाला उत्तरच राहत नाही आणि पुढचे सगळे नियम निरर्थक होतात. प्रत्येकाला त्याचं त्याचं युजरनेम द्या.

आता दुसरी गोष्ट. प्रत्येक युजरची दोन नावं असतात: लॉगिनचं छोटं नाव आणि पूर्ण नाव. कॉन्फिगमधल्या याद्यांत (ॲडमिन युजर, लॉगिन युजर, अलाउ, डिनाय) छोटं लॉगिन नाव लिहायचं असतं, पण स्क्रीनवर मोठं दिसतं म्हणून लोक मोठं लिहितात आणि मग डोकं धरून बसतात. पासवर्ड फाइल उघडा, प्रत्येक युजरच्या ‘नेम’ टॅगमध्ये जे आहे ते तसंच्या तसं कॉपी करून यादीत टाका, आठवणीनं टाइप करू नका.

लॉगिनच होत नसेल तर त्याच फाइलमध्ये बघा युजर आहे का, आणि ‘इनॲक्टिव्ह’ मध्ये १ तर नाही ना. ‘सेल्फ रजिस्टर’ ३ वर असेल तर माणूस स्वतः रजिस्टर करू शकतो पण ॲडमिननं ॲक्टिव्ह करेपर्यंत खातं बंदच राहतं, आणि कळवणारा ईमेल कंपनीच्या एसएमटीपीतून (ईमेल पाठवणाऱ्या सर्व्हरमधून) निघालाच नसेल तर ॲडमिनला पत्ताच नाही. ० म्हणजे कुणालाच रजिस्टर करता येत नाही, १ म्हणजे कुणीही, २ म्हणजे कुणीही पण ॲडमिनला ईमेल. पन्नास-साठ माणसांच्या फाउंड्रीला मी ० च ठेवीन, युजर ॲडमिननं तयार करायचे, विषय संपला.

तिसरी भानगड म्हणजे एकापेक्षा जास्त पासवर्ड फाइल. ‘पासवर्ड फाइल’ ही ओळ ग्लोबलमध्ये पण लिहिता येते आणि एखाद्या लॉगबुकच्या सेक्शनमध्ये पण. कुणीतरी मेंटेनन्सला वेगळी फाइल दिलेली असेल तर तोच माणूस मेल्टिंगमध्ये जातो आणि मेंटेनन्समध्ये ‘पासवर्ड चुकीचा’ येतं. ठोस कारण नसेल तर एकच फाइल, ती पण ग्लोबलमध्ये, आणि कोण कुठं जाणार हे पायरी ६ च्या यादीनं ठरवा.

एलडॅप किंवा कर्बेरॉस (पासवर्ड ईलॉगच्या बाहेर तपासणाऱ्या व्यवस्था) जोडलेलं असेल तर दोन गोष्टी बघा: ईलॉगडी कंपाइल करतानाच तो सपोर्ट चालू केलेला असावा लागतो, आणि पासवर्ड बाहेर तपासला गेला तरी पूर्ण नाव-ईमेलसाठी युजरची नोंद ईलॉगच्या फाइलमध्ये लागते.

पायरी ४: पानच उघडत नसेल

सर्व्हरच्या पीसीवरच ब्राउझर उघडून लोकलहोस्ट:८०८० टाका (८०८० हा ईलॉगचा नेहमीचा पोर्ट). तिथं उघडलं आणि शॉपफ्लोअरवरून नाही, तर फायरवॉल किंवा ‘होस्ट्स अलाउ / होस्ट्स डिनाय’. ह्या दोन ओळींचा क्रम असा: पत्ता अलाउत सापडला की आत, नाही सापडला आणि डिनायमध्ये सापडला की बाहेर, दोन्हीकडं नसेल तर आत. म्हणजे नुसतं ‘होस्ट्स अलाउ’ लिहून काहीच अडत नाही, सोबत ‘होस्ट्स डिनाय = ऑल’ पाहिजे. आयपीचा सुरुवातीचा भाग देऊन शेवटी टिंब ठेवलं, जसं १९२.१६८.१., की त्या नेटवर्कमधले सगळे येतात. ऑफिसची लॅन १ वर आणि शॉपफ्लोअरचा वायफाय राउटर २ वर पत्ते वाटतोय, हे फार ठिकाणी असतं, राउटर बदलला की ‘काल चालत होतं’ वाला फोन येतो तो ह्यामुळं.

पुढं अपाची प्रॉक्सी (ईलॉगच्या पुढं उभा राहून विनंत्या आत पाठवणारा वेबसर्व्हर) असेल तर: ग्लोबलमध्ये ‘यूआरएल = ’ ला बाहेरून जो पत्ता लोक टाइप करतात तोच पूर्ण पत्ता, एचटीटीपीएस सकट लिहा. तो चुकला की लॉगिन केल्यावर परत लॉगिनचंच पान, नाहीतर भलत्याच पत्त्यावर उडी, आणि लोकांना वाटतं पासवर्ड चुकला. रेडहॅट घराण्यातल्या लिनक्सवर ५०३ एरर येत असेल तर एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा यंत्रणा) अपाचीला आतल्या पोर्टला जोडू देत नाहीये, ‘सेटएसईबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १’ (इथं पी कॅपिटल) नं सुटतं, त्यासाठी एसईलिनक्स अख्खं बंद करायची गरज नाही. आणि प्रॉक्सी लावल्यावर ८०८० बाहेरच्यांसाठी फायरवॉलला बंद करा, नाहीतर प्रॉक्सीवर लावलेले निर्बंध टाळून कुणीही सरळ मागच्या दारानं येतो.

पायरी ५: लिनक्सची परवानगी

पायरी १ ला लिहून ठेवलेलं प्रोसेसचं नाव आता घ्या, समजा ‘ईलॉग’. ग्लोबलमध्ये ‘यूएसआर’ आणि ‘जीआरपी’ ह्या ओळी असतील तर ईलॉगडी रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी युजर) म्हणून सुरू होतो आणि मग त्या युजरचं रूप घेतो. ह्या युजरला तीन गोष्टी लिहिता आल्या पाहिजेत: लॉगबुकची डिरेक्टरी, पासवर्ड फाइल आणि (वेबमधून कॉन्फिग बदलायची असेल तर) कॉन्फिग फाइल.

तपासायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे त्याच युजरच्या नावानं लिहून बघणं: ‘सुडू -यू ईलॉग टच’ आणि पुढं लॉगबुक डिरेक्टरीतल्या एखाद्या चाचणी फाइलचा पाथ. झालं तर ठीक, ती फाइल लगेच पुसा. नाही झालं तर ‘नेमआय -एल’ आणि पाथ द्या, वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरची परमिशन एकाखाली एक दिसते, कारण बऱ्याचदा शेवटचं फोल्डर ठीक असतं आणि मधल्याच कुठल्यातरी फोल्डरात शिरायला बंदी असते. विशेषतः डेटा कुणाच्या तरी होम फोल्डरात ठेवलाय तेव्हा.

असं कधी होतं? बॅकअप परत टाकल्यावर. पीसी बदलला, पेन ड्राइव्हवरून रूटनं फाइली कॉपी केल्या, सगळ्यांचा मालक रूट झाला. जुन्या नोंदी वाचता येतात त्यामुळं सगळं आलं असं वाटतं, आणि नवीन एंट्री सबमिट केली की डिरेक्टरीवाला मेसेज. ‘चोन -आर ईलॉग:ईलॉग’ (आर कॅपिटल) आणि लॉगबुकचा पाथ, बास. ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं) मारू नका. चालतं, पण मग त्या पीसीवर बसणारा कुणीही टेक्स्ट एडिटरनं हीटचं टेंपरेचर बदलू शकतो आणि ईलॉगला कळणारही नाही.

पासवर्ड फाइल लिहिता येत नसेल तर लक्षण वेगळं असतं, युजरनं पासवर्ड बदलला तरी तो टिकत नाही किंवा नवीन युजर सेव्ह होताना एरर येते. विंडोजवर सर्व्हिस म्हणून चालवताय आणि लॉगबुक डिरेक्टरी झेड ड्राइव्हवर म्हणजे मॅप केलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर ठेवलीय तर ती सर्व्हिसला दिसणारच नाही, मॅपिंग तुमच्या लॉगिनचं असतं, सर्व्हिसचं नाही. लोकल डिस्कवर ठेवा.

पायरी ६: लॉगबुकात कोण शिरू शकतं

‘लॉगिन युजर = ’ ही ओळ लॉगबुकच्या सेक्शनमध्ये लिहिली की त्या यादीतलेच लोक आत. क्यूसीसाठी एवढं पुरतं. लक्षात ठेवायचं ते हे की ग्लोबलमध्ये लिहिलेलं सगळ्या लॉगबुकांना लागतं, पण तीच ओळ लॉगबुकमध्ये परत लिहिली की ग्लोबलवाली तिथं बाद होते, दोन्हींची बेरीज होत नाही. ‘ग्लोबलमध्ये मॅनेजरचं नाव आहे तरी क्यूसीत जाता येईना’ ह्याचं कारण हेच, क्यूसीच्या यादीतही नाव टाका.

आता उलटा प्रश्न, जो जास्त गंभीर आहे: ज्यांना दिसू नये त्यांना दिसतंय. तीन ठिकाणी बघा.

एक, ‘गेस्ट मेनू कमांड्स’ आणि ‘गेस्ट लिस्ट मेनू कमांड्स’. ह्या ओळी असल्या की लॉगिन न करता लॉगबुक वाचता येतं. मेंटेनन्सचं लॉगबुक सगळ्यांना बघू दे म्हणून कुणीतरी त्या टाकतं, पण मेंटेनन्सच्या सेक्शनऐवजी ग्लोबलमध्ये, आणि क्यूसीतल्या कस्टमर कंप्लेंट गेटपासून कँटीनपर्यंत उघड्या. ह्या ओळी ग्लोबलमध्ये कधीच नको.

दोन, ‘हिडन = १’. ह्यानं लॉगबुक पहिल्या पानावरच्या यादीतून गायब होतं, एवढंच. पत्ता माहीत असणारा सरळ टाइप करून जाऊ शकतो. हे कुलूप समजू नका.

तीन, पहिलं पानच. लॉगबुकांची नावं बाहेरच्याला दिसायला नकोत तर ‘प्रोटेक्ट सिलेक्शन पेज = १’, आणि त्यासाठी पासवर्ड फाइल ग्लोबलमध्येच असली पाहिजे.

ॲडमिन युजर ही ओळ रिकामी सोडू नका किंवा काढू नका, स्पष्ट नावं लिहा, आणि किमान दोन. एकच ॲडमिन असला आणि तो गावच्या जत्रेला गेला की पासवर्ड विसरलेल्या माणसाला खातं परत मिळवून द्यायला कुणीच नाही.

पायरी ७: आत गेलो पण बटणच नाही

इथं दोन यंत्रणा एकमेकांत गुंततात. पहिली ‘मेनू कमांड्स’. बरेच जण ही फक्त दिसण्याची सेटिंग समजतात, पण ह्या यादीत नसलेली कमांड चालतच नाही, पत्त्यात हातानं टाइप केली तरी. कुणीतरी मेनू सुटसुटीत करायला गेलं आणि यादीत कॉन्फिग लिहायचं राहिलं तर ॲडमिनलाही वेबमधून कॉन्फिग उघडत नाही, मग सर्व्हरवर जाऊन फाइल बदलायची. एंट्रीच्या पानाचा मेनू आणि यादीच्या पानाचा मेनू (‘लिस्ट मेनू कमांड्स’) वेगवेगळे असतात, एकीकडं दिसतं आणि दुसरीकडं नाही म्हणजे ह्यातलाच एक बदललाय.

दुसरी यंत्रणा ‘अलाउ’ आणि ‘डिनाय’. ‘डिनाय डिलीट = पाटील’ म्हणजे पाटीलला डिलीट बंद, बाकी सगळ्यांना चालू. ‘अलाउ डिलीट = मॅनेजर’ म्हणजे फक्त मॅनेजरला चालू, बाकी सगळे आपोआप बंद. मी शक्यतो अलाउच वापरतो, कारण डिनाय लिहिलं की नवीन भरती झालेल्या प्रत्येकाचं नाव त्यात टाकायची आठवण ठेवावी लागते आणि ती कुणी ठेवत नाही. अलाउ लिहिताना ॲडमिननं स्वतःचं नावही टाकावं, गृहीत धरू नये.

आणि एक कमांड बंद करताना तिच्या भावकीचा विचार करा. नवीन एंट्री बंद करायची म्हणून ‘अलाउ न्यू’ लिहिलं पण रिप्लाय आणि डुप्लिकेट चालूच, तर माणूस डुप्लिकेट मारून नवीन एंट्री करतोच की. तसंच कॉपी टू, मूव्ह टू आणि इम्पोर्ट. फक्त वाचायचा हक्क द्यायचा असेल तर न्यू, एडिट, डिलीट, रिप्लाय, डुप्लिकेट, कॉपी टू, मूव्ह टू, इम्पोर्ट ह्या सगळ्यांना अलाउच्या ओळी लागतील.

पायरी ८: माझी एंट्री मलाच एडिट होईना

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचा सोडवला जाणारा प्रश्न. ‘रिस्ट्रिक्ट एडिट = १’ लावलं की लेखकच एडिट करू शकतो. पण ईलॉग लेखक कसा ओळखतो? एंट्रीच्या आत गुप्तपणे मालक वगैरे लिहिलेला नसतो. ज्या ॲट्रिब्यूटला (एंट्रीतल्या खोक्याला) प्रीसेट, म्हणजे आपोआप भरला जाणारा मजकूर म्हणून लॉगिन नाव किंवा पूर्ण नाव दिलंय, त्यातला मजकूर आणि तुमचं आत्ताचं नाव तो जुळवून बघतो. म्हणून हे चौघं एकत्रच लागतात:

ॲट्रिब्यूट्स = ऑथर, हीट नंबर, फर्नेस
प्रीसेट ऑथर = $शॉर्ट_नेम
लॉक्ड ॲट्रिब्यूट्स = ऑथर
रिस्ट्रिक्ट एडिट = १

लॉक्डची ओळ नसेल तर कुणीही ऑथरच्या खोक्यात काहीही टाइप करतो आणि मग नियमाला अर्थ राहत नाही. ज्यांनी आधी ऑथर मोकळा ठेवला आणि नंतर हे सगळं लावलं, त्यांच्या जुन्या नोंदींत ‘पाटील मेल्टिंग’, ‘पाटील दादा’ असलं काहीबाही असणार, त्या नोंदी पाटीलला एडिट होणार नाहीत, आणि ते तसंच राहू द्या, लागलंच तर ॲडमिन दुरुस्त करेल.

बऱ्याच उदाहरणांत प्रीसेटला $लाँग_नेम असतं. वाचायला छान दिसतं, पण कुणाच्या पूर्ण नावातलं स्पेलिंग प्रोफाइलमध्ये दुरुस्त केलं, किंवा लग्नानंतर आडनाव बदललं, की त्या माणसाच्या आधीच्या सगळ्या नोंदी त्याला परक्या. लॉगिन नाव सहसा बदलत नाही, म्हणून मी $शॉर्ट_नेम च सुचवतो. पूर्ण नाव दिसायला हवंच असेल तर एकाच प्रीसेटमध्ये दोन्ही ठेवता येतात.

‘रिस्ट्रिक्ट एडिट टाइम’ तासांत असतं. मेल्टिंगला १२ ठेवलं तर शिफ्ट संपल्यावर चूक लक्षात आली तरी दुरुस्त करायला वेळ मिळतो आणि आठवड्यानं जुनं टेंपरेचर कुणी बदलू शकत नाही. पण इथं फाउंड्रीची एक अडचण खरी आहे: स्पेक्ट्रोचा रिझल्ट मागनं येतो, तो देणारा क्यूसीचा माणूस वेगळा, आणि त्याला मेल्टिंगवाल्याच्या एंट्रीत तो आकडा भरायचा असतो. लगेच मागणी येते की क्यूसीला सगळं एडिट करू द्या. देऊ नका. त्याला रिप्लाय करू द्या, मूळ एंट्रीखाली त्याच्या नावानं, त्याच्या वेळेनं रिझल्ट बसतो, धागा सलग दिसतो आणि ऑडिटला कुणी काय लिहिलं हे विचारायची वेळ येत नाही. एडिटपेक्षा रिप्लायची सवय लावली तर निम्म्या परमिशनच्या तक्रारी उगवतच नाहीत.

बदल केल्यावर तपासायचं कसं

ॲडमिनच्या लॉगिननं तपासून ‘चालतंय’ म्हणू नका, ॲडमिनला बरंच काही चालतंच. एक साधं टेस्ट युजर करून ठेवा, ज्याचं नाव कुठल्याही खास यादीत नाही. ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडा, म्हणजे जुनी कुकी मधे येत नाही. आधी लॉगिन न करता तिन्ही लॉगबुकांचे पत्ते टाइप करा, तिन्हीकडं लॉगिनचं पान आलं पाहिजे. मग टेस्ट युजरनं मेल्टिंगमध्ये एक एंट्री, ती एडिट, दुसऱ्याची एंट्री एडिट करायचा प्रयत्न, डिलीटचा प्रयत्न, आणि क्यूसीचा पत्ता. ज्याला ‘नाही’ यायला पाहिजे त्याला ‘नाही’ येतंय का हे तपासणं जास्त महत्त्वाचं, कारण जादा मिळालेल्या परवानगीची तक्रार घेऊन कुणी फोन करत नाही.

फर्नेसच्या पॅनेलवरून एखादी स्क्रिप्ट आपोआप नोंदी टाकत असेल तर तिच्यासाठी ‘ईलॉग’ ही कमांडलाइन आहे: -एच होस्ट, -पी पोर्ट, -एल लॉगबुक, -यू युजरनेम आणि पासवर्ड, -ए नं ॲट्रिब्यूट. स्क्रिप्टच्या युजरलाही वरचे सगळे नियम लागतात, लॉगिन युजरच्या यादीत त्याचं नाव हवं. लॉगिन युजरची नवी यादी लावली आणि रात्रीपासून ऑटो नोंदी बंद, असं झालं तर आधी इथं बघा. त्या युजरला डिलीट आणि एडिट देऊ नका, त्याचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा पडलेला असतो, त्यामुळं ती स्क्रिप्ट फाइलही फक्त तिच्या मालकालाच वाचता-चालवता येईल अशी ७०० करून ठेवा.

आणि कॉन्फिगमध्ये प्रत्येक नियमाच्या वर हॅश टाकून एका ओळीत लिहा, हा कुणी सांगितला, कधी आणि कशासाठी. पुढच्या वेळी नकार आला की ती ओळ काढायची का ठेवायची हे ठरवायला तेवढंच लागतं.